दुसरा मजला, रविवार पेठ

बाफनाशेठनी तीनच प्रश्न विचारले:
ढोल वाजवणार का?
पंगती घालणार का?
आणि अकरा महिन्यांनी उठणार ना?
आढाव पाळक म्हणाले, पेटी आहे एक.
पेटी चालेल, म्हणाले शेठ,
पेटी आमच्याकडेही असते.

मग किल्ली.
खाली दिव्यांच्या माळांचं दुकान, वर शिवणक्लास,
मधे आम्ही,
म्हणजे अजून कुणीच नाही, नुसती जागा,
आणि भिंतीवर निळ्या रंगात
मराठी ३०, इंग्रजी ४०,
शासनमान्य.

तीन शनिवार झाडत होतो.
टेबलांच्या खणांतून निघाल्या
काळ्या-तांबड्या फितींच्या रिकाम्या डब्या,
कुणाची तरी नापासाची पावती,
केसांचा एक चाप.
रत्नमालाबाईंनी चाप खिडकीत ठेवला,
येईल कुणी विचारत, म्हणाल्या.
त्या रात्रपाळी करून थेट यायच्या ससूनमधून
आणि झाडू धरून उभ्यानेच डोळे मिटायच्या.
आम्हाला वाटायचं, प्रार्थना चाललीय.

कॅम्पातलं देऊळ सोडलं म्हणून
आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही.
तिथे दगडी कमान आहे,
आजोबांच्या नावाचा बाक आहे,
घंटा आहे, जिच्यावर तिनं आयुष्यभर घड्याळ लावलं.
तिथे काय आहे तुमच्या त्या बोळात?
जवळ आहे गं, म्हटलं.
गंज पेठेतला थोमा हातगाडी लावून पाच मिनिटांत येतो,
रिक्षाचे ऐंशी रुपये वाचतात,
त्याच्या पोरीला बूट नसले तरी चालतं.
हे सगळं खरं होतं.
सगळं खरं मात्र हे नव्हतं.
त्या बाकावर मी पोचायच्या आधीच
मी बसलेली असायचे.

पहिल्या रविवारी चाळीस खुर्च्या आणल्या भाड्यानं,
पाठीवर छापलेलं: वेताळ मंडप.
माणसं सात. आठवं तान्हं.
वेताळाच्या पाठीला पाठ लावून
आम्ही स्तोत्र म्हटलं
आणि वरच्या मजल्यावर दिवाळीची ऑर्डर होती,
यंत्रं थांबेनात,
तेव्हा त्यांच्याच ठेक्यात म्हटलं, जरा घाईनं.
मनुका उकळून केलेला रस थर्मासमधून ओतला,
कोमट.
कुणी काही बोललं नाही.
खुर्च्या उतरवताना पाळकांची कंबर धरली,
त्यावरही कुणी काही बोललं नाही.

सहाव्या रविवारी
जिना चढून एक गृहस्थ आले.
हातात कापडी पिशवी, इस्त्रीचा शर्ट,
वरचं बटणही लावलेलं.
सर्टिफिकेट घ्यायचं राहिलं होतं, म्हणाले,
सत्त्याऐंशी सालचं.
पाळक म्हणाले, बसा.
दुसरं काय म्हणणार?
बसा, एवढाच तर आमचा उपदेश होता तेव्हा.

ते सरळ पुढे गेले
आणि खिडकीजवळच्या टेबलापाशी बसले,
ज्याच्या लाकडात यंत्राच्या पायांचे चार खळगे आहेत
आणि त्या चारांच्या मधोमध
आम्ही भाकर ठेवतो.
थोमा उठवायला निघाला. पाळकांनी मान हलवली.

प्रभूची प्रार्थना सुरू झाली.
मी डोळे मिटले नाहीत, कबूल करते.
त्यांची बोटं ताटलीच्या दोन्ही बाजूंना
टेबलावर उतरली आणि चालू लागली,
आवाज न करता, खाली न बघता,
आम्ही शब्द टाकत होतो
आणि ते एकेक उचलत होते,
अर्धा श्वास मागून,
एकही न गाळता.
ओळ संपली की
डावा हात उठायचा
आणि नसलेला दांडा सरकवायचा.

आमेनला ते थांबले.
पिशवी उचलली. बरंय, म्हणाले,
पुन्हा येतो कधी तरी.
आले नाहीत.

संध्याकाळी नोंदवहीत हजेरी लिहिली: नऊ.
थोमा खांद्यावरून वाकून म्हणाला,
नववा आपला नव्हता, ताई.
बघू, म्हटलं.
खोडरबर तिथेच पडलं होतं,
हाताशी.